नऊ वाजता उघडणारे हात

चोरबोग गावात सकाळी नऊच्या आत होसियतला कुणी अंगणात पाहिलं नव्हतं, निदान गेल्या नऊ-दहा वर्षांत तरी. शेजारणी म्हणत, म्हातारीचं नशीब थोर, सून आल्यापासून पाय पसरून झोपते. होसियत ते ऐकायची आणि हसायची. लोकांना आपण आळशी वाटलो तर बरंच, असं तिचं मत होतं. आळशी बाईची कुणी कीव करत नाही.

खरं तर ती चारलाच जागी व्हायची. डोळे तेवढे उघडायचे, बाकीचं अंग उघडायचं नाही. रात्री निजताना जे हात आपले होते ते पहाटे छातीवर परक्यासारखे पडलेले असायचे. बोटं आत वळलेली, सुजलेली, झोपेत कुणी मुठीत काहीतरी देऊन घट्ट धरायला सांगितल्यासारखी. कुशीवर वळायचं तर आधी खांदा, मग कंबर, मग गुडघे, एकेकाची मनधरणी करावी लागे. रजई दातांनी ओढून बाजूला सारायची. आणि मग छताच्या तुळया मोजत पडून राहायचं. तेरा तुळया होत्या. त्यातल्या चार तिच्या नवऱ्यानं स्वतः तासलेल्या.

तिचा धाकटा मुलगा शोकिर इस्फारा ते खुजंद प्रवासी गाडी चालवायचा. पहाटे साडेचारला निघे, दिवेलागणीला परते. रविवारी तो स्वतःच दहापर्यंत घोरत असे. त्यामुळे आईचे हात त्यानं पाहिले ते नेहमी संध्याकाळचे, नान तोडणारे, प्याल्यात हिरवा चहा ओतणारे, नातींच्या वेण्या घालणारे. बोटांना गाठी दिसत, पण म्हाताऱ्या माणसाच्या बोटांना गाठी असायच्याच. त्याला त्यात वेगळं काही वाटलं नाही.

बाकीचं सगळं एकट्या सुनेला ठाऊक होतं. नवऱ्याची गाडी गल्लीच्या टोकाला वळली की मवलुदा मिठाच्या कोमट पाण्याचं तसराळं घेऊन सासूच्या खोलीत यायची.

"चला आई, दुकान उघडायची वेळ झाली."

"हळू गं. फळ्या जुन्या आहेत."

करंगळीपासून सुरुवात करायची, हा त्यांचा नियम. करंगळी गरीब, लवकर ऐकायची. मग तिच्या शेजारची, मग मधलं बोट. अंगठा सगळ्यांत शेवटी. त्याचं नाव त्यांनी अध्यक्ष ठेवलं होतं, कारण जुन्या काळी सामुदायिक शेताचा अध्यक्षसुद्धा सगळे जमून ताटकळले की मगच उगवायचा. मवलुदा एकेक बोट पाण्यात धरून चोळायची, होसियत भिंतीकडे तोंड करून ओठ चावायची, आणि फार झालं की म्हणायची, "थांब, मला कापसाची गोष्ट सांगू दे."

कापसाची गोष्ट मवलुदाला पाठ होती. शाळेतल्या सगळ्या मुलींना ट्रकमधून कापसाच्या शेतांवर नेत. नोव्हेंबरात बोंडांवर दहिवर गोठलेलं असायचं आणि बोटांतून रक्त यायचं. पण होसियत ती गोष्ट सांगायची ती रक्तासाठी नव्हे. दुपारी शेकोटीभोवती बसून मुली गाणी म्हणायच्या, एकमेकींच्या बोटांवर फुंकर घालायच्या. सतरा वर्षांची होती ती तेव्हा. "तिथंच राहिले माझे हात," ती म्हणायची. "हे जे आहेत ना, हे मला नंतर दुसरेच दिलेत कुणीतरी."

नऊ वाजता हात उघडत. मग ती अंगणात येई, शेजारणी टोमणे मारत, आणि दिवस सुरू होई.

शोकिरला हे का सांगितलं नाही? एक तर आधी लाज होती. मग सवय झाली. शिवाय घराबाहेर पडणाऱ्या पुरुषाच्या कानात बायकांचं कण्हणं घालू नये, असं तिला तिच्या आईनं शिकवलं होतं.

त्या वर्षी हिवाळ्यात मालकानं गाड्या विकून टाकल्या. शोकिर तीन महिने घरी बसला. म्हणजे घरी कसला, पहाटे उठून इस्फाऱ्याच्या बाजारात हमाली मिळते का बघायला जायचा. शेवटी फेब्रुवारीत त्यानं मजुरीसाठी परदेशातल्या सुरगुतचं विमानाचं तिकीट काढलं. गावातले निम्मे पुरुष तिकडेच होते. होसियतनं त्याला अडवलं नाही. नाही म्हणून तिनं एकदा बघितलं होतं, थोरल्याच्या वेळी.

थोरला अझीम तेरा वर्षांपूर्वी त्याच सुरगुतला गेला होता. त्याचा नान अजून बैठकीच्या खोलीत खिळ्याला लटकत होता. लांब जाणाऱ्यानं निघताना नानचा एक घास चावून खायचा, उरलेला भिंतीवर टांगायचा, आणि परत आल्यावर त्यानंच तो संपवायचा, अशी रीत. अझीम सहा वर्षं आला नाही. दर शुक्रवारी फोन करायचा, पैसे पाठवायचा, पुढच्या वर्षी येतो म्हणायचा. सातव्या वर्षी आला तो खिळे ठोकलेल्या पेटीत. बांधकामावरून पडला होता. पेटी याच खोलीत, त्या नानखाली ठेवली होती. त्यानंतर नान काढायचं कुणाला सुचलं नाही, आणि सुचलं तेव्हा धीर झाला नाही. त्यावर त्याच्या दातांची कमान अजून स्पष्ट दिसत होती. समोरचा एक दात जरा तिरका.

निघायच्या आदल्या संध्याकाळी सगळे चहाला बसले होते. मवलुदानं पुलाव केला होता, पण कुणाला घास जात नव्हता. शोकिर प्याला हातात फिरवत म्हणाला, "आई, उद्या तुम्ही हात उघडाल ना?"

होसियत दचकली. सुनेकडे बघितलं. सुनेनं मान हलवली, मी काही सांगितलं नाही.

"कसले हात?"

"दुव्याचे. मला निरोप देताना." तो हसायला गेला, पण ते हसू काही साधलं नाही. "दादासारखं नका करू."

"दादासारखं म्हणजे काय?"

"जाऊ दे आई. उद्या निघायचंय, आज कशाला."

"शोकिर. सांग."

त्यानं प्याला खाली ठेवला. "दादा म्हणायचा, आईनं मला दुवा दिली नाही. आदल्या दिवशी तुमचं भांडण झालं होतं. तुम्ही म्हणालात, गेलास तर माझ्या दुव्याची आशा धरू नकोस. सकाळी तो पुढ्यात बसला तर तुमच्या मुठी शालीखाली आवळलेल्या. ओठ हलत होते म्हणे, पण हात उघडले नाहीत. तो म्हणायचा, आईनं मूठ सोडली नाही रे. कुठल्या तोंडानं परत जाऊ?"

धाकटी नात तेवढ्यात साखरेचा खडा मागत मांडीवर येऊन पडली. शोकिरनं तिला उचललं आणि मित्रांचा निरोप घ्यायला बाहेर गेला.

दर शुक्रवारी. सहा वर्षं, दर शुक्रवारी फोनवर अझीम विचारायचा, "आई, रागावला नाहीत ना?" आणि ती म्हणायची, "वेडा का तू? मी कशाला रागावू? जेवलास का?" तिला वाटायचं, माणसं बोलायचं म्हणून बोलतात तसंच आहे ते.

अझीम गेला तो तिच्या दुखण्याचा पहिलाच हिवाळा होता. भांडण झालं होतं, ते खरं. बोलू नये ते ती बोलली होती, तेही खरं. पण रात्रभर तिला झोप लागली नाही. पहाटे उठून त्याच्यासाठी दुवा मागायला बसली, तर बोटं उघडेनात. असं कधी झालं नव्हतं. तिला वाटलं, आपल्याच शब्दांची ही शिक्षा आहे. माणसांसमोर ते वाकडे हात काढायची लाज वाटली म्हणून तिनं ते शालीत घेतले आणि दुवा तोंडानंच पुटपुटली. अझीमनं एकदा तिच्या शालीकडे पाहिलं होतं. ते पाहणं तिला आठवत होतं. तेरा वर्षं आठवत होतं, पण त्याचा अर्थ तिला आज कळला.

मवलुदा भांडी तशीच टाकून जवळ येऊन बसली.

"आई, आता त्यांना सांगून टाका. आज रात्रीच."

"सांगितलं तर तो जाणार नाही."

मवलुदानं सांडलेली पुलावाची शितं वेचली. मग खाली बघत म्हणाली, "मग नको जाऊ देत."

"आणि खायचं काय? तुझ्या बापानं आंदण दिलेल्या रजया?"

"रजयाच आहेत त्या, तुम्हीच पांघरता." दोघींना हसू आलं आणि दोघींच्याही डोळ्यांत पाणी आलं. होसियतनं आपले हात समोर धरून पाहिले. संध्याकाळचे हात, सरळ होत होते, प्याला धरत होते. आत्ता हे त्याला दाखवून काय सांगायचं? तो म्हणेल, आई, एवढ्याशासाठी निमित्त कशाला काढता.

"तीनला उठव मला," ती म्हणाली. "गाडी पाचला येणार. पाचपर्यंत आपण हे उघडायचे. रोज नऊला उघडतात, एक दिवस पाचला उघडायला काय जातंय त्यांचं?"

मार्चचा पहिला आठवडा. जर्दाळूला कळ्या धरल्या होत्या आणि पहाटे नेमकं कडाक्याचं हिंव पडलं. मवलुदानं तीनला पाणी तापवलं, उंटाच्या लोकरीचे मोजे शेगडीवर गरम केले. होसियतनं हात तसराळ्यात सोडले आणि डोळे मिटले.

"करंगळी आली," मवलुदा कुजबुजली.

"दुसरी?"

"दुसरी येतेय. आई, ओरडू नका, ते जागे होतील."

"मी कुठं ओरडतेय? तुझा हात लोखंडाचा आहे."

पाणी गार झालं, बदललं. पुन्हा गार झालं. साडेचारला डाव्या हाताची दोन बोटं उघडली होती आणि उजव्याची एक. मधल्या बोटाला ओढ दिली की कळ थेट खांद्यात जायची. होसियतच्या कपाळावर घाम आला.

"अध्यक्ष काय म्हणतात?" तिनं विचारलं.

"अध्यक्ष घरीच आहेत."

शेजारची म्हातारी तुर्सुनोय खोकत अंगणात आली. मुलं लांब निघाली की गल्लीतल्या म्हाताऱ्यांनी निरोपाला यायचं, ही रीत. दारातूनच म्हणाली, "अगं होसियत! तू आणि या वेळी जागी? आज सूर्य पश्चिमेला उगवणार बाई!" आणि बाहेर गाडीचा भोंगा वाजला.

मवलुदानं घाईनं सासूचे हात पुसले. होसियतनं तिला शाल पांघरायला सांगितली. अंगावर शाल पडली तेव्हा तिला जाणवलं की तेरा वर्षांपूर्वीही आपण हेच केलं होतं. पण तोवर शोकिर आत आला होता.

त्यानं नवा कोट घातला होता. मवलुदानं रात्रीच भाजून ठेवलेला नान पुढे केला, त्यानं चावा घेतला, नीट चघळून गिळला. मग आईसमोर गुडघ्यावर बसला. तुर्सुनोयनं हात पसरले. मवलुदानं पसरले. झोपेतून उठवून आणलेल्या दोन्ही मुलींनी आपले इवले तळहात वर धरले. शोकिरनं धरले. सगळे होसियतकडे बघायला लागले.

ती ओठ हलवू लागली. शालीखाली मुठी तशाच.

शोकिरनं तिच्या शालीकडे पाहिलं. अगदी तसंच. त्याचे तळहात हळूच खाली आले. त्यानं खाली वाकून पिशवीचा पट्टा धरला आणि उठायला लागला.

"थांब," होसियत म्हणाली.

तिनं हात बाहेर काढले. लाल, सुजलेले, अजून ओले. तीन बोटं वेडीवाकडी पसरलेली, बाकीची तळव्यात रुतलेली.

"बघ. उघडत नाहीत."

धाकटी नात पुढे होऊन ती बोटं न्याहाळू लागली.

"रोजच उघडत नाहीत. नऊ वाजतात. तीनपासून बसलोय आम्ही दोघी." तिचा आवाज चिरकला. "अझीमच्या वेळीही असेच होते रे. मी मूठ आवळली नव्हती. मी मूठ आवळली नव्हती, शोकिर, ती उघडतच नव्हती."

शोकिर धपकन खाली बसला. त्यानं तिचा उजवा हात धरला आणि अंगठा ओढायला गेला. होसियत किंचाळली.

"असं नव्हे!" मवलुदा त्याच्यावर ओरडली. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, पण नवऱ्यावर आवाज चढवायची ही पहिलीच वेळ. "करंगळीपासून. चोळत चोळत. सोडा, तुम्हाला नाही जमायचं."

"किती दिवस हे?" त्यानं विचारलं.

"मी लग्न होऊन आले त्याच्या आधीपासून."

"आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"मी सांगू नको म्हटलं होतं," होसियत म्हणाली.

चालक खोलिक दारात येऊन उभा राहिला. "अहो, विमान काय माझ्या सासऱ्याचं आहे? थांबणार नाही ते," म्हणत आत डोकावला, आणि ते हात बघून त्यानं टोपी काढली. मग भिंतीला टेकून उभा राहिला.

"मी जात नाही," शोकिर म्हणाला.

मवलुदानं मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते होसियतनं पाहिलं. क्षणभर तिलाही वाटलं, राहू दे. हो म्हणावं. एवढं वाकडं तोंड केलेल्या हातांनी जन्मात एकदा तरी कुणाला तरी धरून ठेवावं. मग तिची नजर मुलींच्या पायांकडे गेली. थोरलीच्या बुटाला पुढे कापडाचं ठिगळ होतं.

"जा," ती म्हणाली. "तू राहिलास तरी हे नऊलाच उघडणार. उद्याही नऊलाच. त्यांना तू काय, मी काय, सगळे सारखेच. मवलुदा आहे."

"आई..."

"हात दे इकडे."

त्यानं आपले तळहात पुढे केले. तिनं आपल्या मुठी त्यावर ठेवल्या आणि मोठ्यानं, तुर्सुनोयला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं, दुवा मागितली. वाट सुरक्षित असो, पोट भरलेलं असो, उंचावर चढू नकोस. शेवटचं दुव्यात नसतं, पण तिनं ते घातलं. आमीन म्हणून सगळ्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवले. होसियतनं मुठींची मागची बाजू गालांवरून फिरवली.

गाडी गेली. मवलुदानं रीतीप्रमाणे मागे पाणी शिंपडलं. ते पडलं तिथंच गोठलं.

त्यानंतर कुणी झोपलं नाही. तुर्सुनोय बराच वेळ बसून राहिली, टोमणा म्हणून मारला नाही, आणि जाताना म्हणाली, "उद्यापासून तूप घालून गरम दूध पाठवीन. आणि यापुढे उशिरा उठलीस तर मी कुणाला बोलू द्यायची नाही." होसियत म्हणाली, "बोलू दे त्यांना. सवय झालीय मला."

ऊन खोलीत आलं. ते आधी नानवर पडतं, मग खाली उतरतं. आज घाई नव्हती, गरम पाणी नव्हतं. मवलुदा मुलींना शाळेत पोचवून आली, तिनं सासूच्या मांडीवर रजई टाकली आणि कामाला लागली. होसियत ऊन बघत बसली. आठ वाजून गेले. उजव्या हाताचं मधलं बोट आपसूक सैल झालं. मग डाव्याचं. नऊच्या सुमाराला अंगठे उघडले, दोन्ही, ठणकत, पण पूर्ण उघडले.

खोलीत कुणी नव्हतं. तिनं तळहात समोर धरले. फिकट, सुरकुतलेले, रिकामे. काय मागायचं ते तिला सुचेना. वाट सुरक्षित असो म्हणायचं, तर वाट संपली होती. ती नुसतं नाव घेत राहिली. अझीम. अझीम. मग म्हणाली, "रागावले नाही रे." आणि चेहऱ्यावरून हात फिरवले, तळहातांच्या बाजूनं.

मवलुदा शोकिरचा चावलेला नान आणि हातोडी घेऊन आत आली, आणि दारातच थांबली. भिंतीवर एकच खिळा होता.

"त्या खिळ्याला नको," होसियत म्हणाली. "अझीमचा उतरव आधी."

मवलुदानं नान उतरवून तिच्या मांडीवर ठेवला. हलका झाला होता, वाळलेल्या पानासारखा. त्याच्या दोऱ्याला होसियतनं तेरा वर्षांपूर्वी वाकड्या बोटांनीच गाठ मारली होती, वेडीवाकडी, तिहेरी. मवलुदा सुरी आणायला वळली.

"कापू नको. सोडवते मी."

बराच वेळ लागला. दोन वेळा दोरा नखाखालून निसटला. गाठ सुटली तेव्हा होसियतनं नान पाण्यात भिजवायला सांगितला, अंगणातल्या पाखरांसाठी. दात उमटलेला तुकडा मात्र तिनं मोडून रुमालात बांधला.

मग भिंतीशी उभी राहून तिनं नव्या खिळ्यासाठी जागा दाखवली. जुन्या खिळ्यापासून दूर, खिडकीच्या बाजूला.

"आई, मी धरते. तुमच्या बोटांवर बसेल."

"तू मार. धरायचं काम माझं."

तिनं खिळा चिमटीत पकडला.

"धरवतंय ना?"

"नऊ वाजून गेलेत," होसियत म्हणाली. "मार."